व्हीलचेअर घेऊन गाण्याला जायचंय? आधी फोन करा आणि इंचात विचारा

आमचे बाबा सहा वर्षांपासून व्हीलचेअरवर आहेत आणि गाणं त्यांना समोर बसूनच ऐकायचं असतं, यूट्यूबवर त्यांचं समाधान होत नाही. नाट्यगृहं, हॉल, मैदानातले मंडप असं सगळीकडे खुर्ची नेऊन जे शिकलो ते लिहितोय, कुणाला तरी उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी तिकीट काढायच्या आधी फोन करायचा. आणि फोनवर "व्हीलचेअरची सोय आहे का" असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम हो असंच येतं. एकदा असंच हो ऐकून गेलो तर हॉलला सात पायऱ्या आणि सोय म्हणजे चार पोरं, "काका, आम्ही उचलतो ना!" पोरं मनाने चांगलीच होती पण बाबांनी तिथूनच गाडी मागे घ्यायला लावली, आणि मला ते पटलं, कारण खुर्ची कलंडली तर आत बसलेला माणूस स्वतःला सावरू शकत नाही आणि चारचौघांत असं उचलून नेलेलं कुणालाच आवडत नाही. उचलून नेणं ही सोय नाही, हे फोनवरच नीट सांगा.

मग काय विचारायचं? गेटपासून बसायच्या जागेपर्यंत एकूण पायऱ्या किती, वाटेतलं सगळ्यात अरुंद दार किती इंचाचं, आणि रॅम्प असेल तर तो किती उंच चढतो आणि किती लांब आहे. हिशोब सोपा आहे, एक इंच उंचीला एक फूट रॅम्प, 1:12 म्हणतात तो हाच. म्हणजे सहा इंचाच्या एका पायरीला सहा फूट लांबी लागते, तीन पायऱ्यांवर चार फुटी प्लायवूड टाकलं असेल तर त्यावरून खुर्ची नेऊच नका. दार 90 सेंमी असलं की काळजी नाही. आमची खुर्ची चाकासकट 26 इंच आहे, तुमचीही घरीच टेपने मोजून ठेवा, आणि समोरच्याला आकडे माहीत नसतील तर दाराचे, रॅम्पचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा, बरेच जण आनंदाने पाठवतात.

टॉयलेटचं वेगळं विचारा, हे लोक विसरतात आणि तिथेच अडतं. खुर्ची आत वळायला साधारण 150 सेंमीचा गोल लागतो, दार बाहेर उघडणारं हवं, कमोडशेजारी पकडायला दांडा हवा. टॉयलेट असलं तरी त्याला कुलूप असू शकतं, म्हणून चावी कुणाकडे असते त्याचं नाव आणि नंबर घेऊन ठेवा. टॉयलेटची खात्री नाही म्हणून दुपारपासून पाणीच न पिणं हे बाबाही करायचे, युरिनचं इन्फेक्शन झालं तेव्हा बंद केलं. तुम्ही करू नका.

मैदानातल्या मंडपाचं गणित वेगळं असतं. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव 1953 पासून चालू आहे, तिथे भारतीय बैठक आणि खुर्च्या असे भाग असतात, अशा ठिकाणी आम्ही खुर्च्यांच्या भागात रांगेच्या टोकाची जागा मागतो. म्हणजे येण्याजाण्याची वाट मोकळी राहते, बैठकीत मागच्यांच्या आड येत नाही, आणि शेजारी एक खुर्ची सोबतच्या माणसाला मिळते, ती आधीच सांगून ठेवावी लागते. जागा ठरवताना खांब आड येतो का बघा आणि स्पीकरच्या भिंतीपासून लांब राहा, व्हीलचेअरवाल्याला पटकन उठून जागा बदलता येत नाही. माती, गवत, जाजम यात पुढची छोटी चाकं रुततात, तेव्हा खुर्ची उलटी फिरवून मागची मोठी चाकं पुढे घालून ओढत न्यायची. वाटेत जाड केबल आली तरी तसंच करा. रॅम्प उतरताना पण उलटंच, आपण खाली आणि खुर्चीची पाठ आपल्याकडे.

मैफल चार-पाच तास चालते, तेवढा वेळ एकाच जागी बसून जखमा होतात, त्यामुळे साध्या उशीऐवजी चांगली कुशन घ्या आणि दर वीस-तीस मिनिटांनी हातावर जोर देऊन किंवा पुढे वाकून वजन हलवा. पायाला संवेदना नसेल तर डिसेंबरच्या थंडीत पाय गार पडलेले कळतही नाही, शाल पायावरच घाला.

निघायचं पण आधी ठरवून घ्या. रात्री 10 चा लाऊडस्पीकरचा नियम असल्याने बरेचदा शेवटच्या टाळीबरोबर सगळे एकदम उठतात, त्या गर्दीत खुर्ची घालू नका. आम्ही मंडप अर्धा रिकामा होईपर्यंत बसून राहतो, बाबा तेवढ्यात शेवटच्या भैरवीबद्दल बोलत असतात.

आणि नकार मिळाला तर? 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सार्वजनिक इमारतींनाही लागू आहे आणि सांस्कृतिक कार्यक्रमांनाही, हे मेलमध्ये शांतपणे लिहा, मागणी एकच आणि नेमकी ठेवा, उदाहरणार्थ "डाव्या दाराला सहा फुटी रॅम्प हवा." एका ठिकाणी आम्ही असंच मापांसकट फोटो पाठवले होते, पुढच्या वर्षी गेलो तर त्या दाराला दोन्ही बाजूंनी कठडा असलेला लोखंडी रॅम्प होता आणि बाबांनी मला हात लावू न देता स्वतःच चाकं फिरवत तो चढला.