मुंबईत खोली घेण्याआधी

सोयाबीन विकून झालं, कापसाचा पहिला वेचा घरात आला, की माझ्या दुकानात वेगळंच गिऱ्हाईक सुरू होतं. एरवी सातबारा, पीकविमा, पोरांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म. दिवाळीच्या तोंडावर मात्र कोणीतरी बाकड्यावर टेकतं आणि म्हणतं, "भाऊ, यंदा पोट्ट्यायले मुंबई दाखवतो म्हणतो. एखादी मस्त रूम पाहून दे बरं." मोबाइल पुढे सरकतो. त्यावर पांढरीशुभ्र चादर, टॉवेलचा केलेला हंस, खिडकीत समुद्र. "फोटो तं मस्त दिसून राह्यला." मी विचारतो, काकाजी, गाडी कोणती, अन् तठी किती वाजता पोचते?

कारण आपल्या विदर्भातून मुंबईला जाणारा माणूस बहुतेक रात्रीच्याच गाडीचा. धामणगावला संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस धरली, की उजाडता उजाडता मुंबई. आणि हॉटेलची खोली मिळते दुपारी बारा नाहीतर दोन वाजता. ही मधली पाच-सहा तासांची पोकळी फोटोत कुठंच दिसत नाही. मी स्वतः पहिल्यांदा कुटुंब घेऊन गेलो, तेव्हा सकाळी साडेसातला काउंटरवर उभा राहिलो. तिथल्या पोरानं रजिस्टर उघडलंसुद्धा नाही. आत्ताच खोली हवी तर अर्ध्या दिवसाचं भाडं जास्तीचं, नाहीतर बारापर्यंत थांबा. आई हॉटेलच्या पायरीवर बॅगेवर बसली, लहान्यानं तिथंच दशम्यांचा डबा उघडला, आणि येणारा-जाणारा आमच्याकडे पाहत गेला. चूक त्यांची नव्हती; वेळ बुकिंगच्या कागदावर छापलेली होती. वाचली नव्हती मी.

म्हणून पहिलं काम म्हणजे खोलीची वेळ विचारणं. स्टेशनांच्या आसपासच्या बऱ्याच लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असतो, म्हणजे सकाळी सातला घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी सातपर्यंत आपली. आपल्यासारख्यांना हे सोयीचं, पण परतीची गाडी संध्याकाळची असते हे विसरायचं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सातनंतर बसून राहिलात तर पुढचा दिवस लागतो. तेव्हा खोली सोडल्यावर सामान काउंटरवर ठेवू देतात का, हे त्याच फोनवर विचारून घ्यावं. नाही म्हणाले तर मोठ्या स्टेशनांवर सामानघर, म्हणजे क्लोकरूम असतं. तिथं बॅगेला कुलूप लागतं, म्हणून दोन छोटी कुलुपं घरूनच घ्यायची. नुसती आंघोळ आणि दोन तासांची झोप हवी असेल तर रेल्वेची रिटायरिंग रूमही पाहावी. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असेल तर पीएनआरवर ती ऑनलाइन मिळते. सुटीच्या दिवसांत लवकर भरते, एवढंच.

खोलीच्या आधी तिकीट, हा क्रम मात्र मोडायचा नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं; पूर्वीचे १२० दिवस डोक्यात धरून बसलेले अजूनही भेटतात. दिवाळीत आपली एक खास अडचण आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांना लांब सुटी मिळते ती दिवाळीचीच, नाताळचा एकच दिवस. त्यामुळे गावचा माणूस भाऊबीज आटोपून निघतो. नेमकी त्याच वेळी मुंबई-पुण्याला नोकरीला असलेली आपलीच पोरं घरचा फराळ घेऊन परत निघालेली असतात. आपली सहल आणि त्यांचं परतणं एकाच गाडीत. भाऊबीजेनंतरचे दोन-तीन दिवस सोडून पुढची तारीख धरली तर तिकीटही मिळतं आणि खोलीचा भावही नरमतो.

तिकीट वेटिंगवर असेल तर पैसे परत न मिळणारी स्वस्त खोली घेऊ नये. शंभर-दोनशे जास्त द्यावे, पण आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येईल अशीच घ्यावी. शेतीवाल्याचं काय, वेचणीची बाई ऐनवेळी आली तर वावर आधी. अवकाळी आला तर बाहेर पडलेली पिकाची गंजी आधी. म्हशीच्या धारा कोण काढणार हे घरात ठरल्याशिवाय तर मी बुकिंगचं बटणच दाबत नाही. मागं एका काकूंचं दोनदा रद्द करून झालं, दोन्ही वेळेस म्हैसच कारण.

आता जागा. कोणी दादर म्हणतं, कोणी सीएसएमटी, कोणी भाडं कमी म्हणून पार कल्याणकडची खोली दाखवतं. कल्याणची घेऊ नका. वाचलेले पैसे लोकलच्या धक्क्यात जातात, आणि सकाळी आठ ते अकरा मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये आजी आणि पोरं घेऊन चढणं हे धाडस आहे, सहल नव्हे. पाहायचं काय ते आधी एका कागदावर लिहा. गेटवे, वस्तुसंग्रहालय, मरीन ड्राइव्ह, घारापुरी, राणीची बाग असं असेल तर सीएसएमटी-फोर्टकडेच राहावं. कल्याण-अंधेरीचे नातेवाईक गाठायचे असतील तर दादर बरं, तिथं मध्य आणि पश्चिम दोन्ही लाइन मिळतात. पूर्वी सिद्धिविनायकासाठीही लोक दादरच धरायचे. पण ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे, आणि तिला सीएसएमटी, महालक्ष्मी, विज्ञान केंद्र, सिद्धिविनायक अशी स्टेशनंच आहेत. गुडघे दुखणारी आजी बरोबर असेल तर माझं मत सरळ सीएसएमटीला. आणखी एक, घारापुरी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी. मुक्कामाचे वार त्याप्रमाणे बसवावे, नाहीतर खोली जवळ घेऊन फाटकाला हात लावून यायचं.

'स्टेशनपासून ५०० मीटर' यावर विश्वास ठेवताना पूर्व की पश्चिम हे विचारा. पुलाच्या पायऱ्या त्या मीटरांत धरलेल्या नसतात.

दादरच्या बाबतीत दोन गोष्टी. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, विदर्भातून तर रेल्वे जादा गाड्या सोडते. अभिवादनाला जाणाऱ्यांची शिवाजी पार्कवर सोय असते. नुसतं फिरायला जाणाऱ्यानं त्या आठवड्यात दादरची खोली धरू नये, मिळणारही नाही. दुसरं, दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, "आपल्या गाडगेबाबाची धर्मशाळा हाये ना दादरले." आहे. पण तिथं कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. हिंडायला गेलेल्या माणसानं तिथली खाट अडवणं बाबांनाच पटलं नसतं, खराटाच काढला असता. आमदारसाहेबांच्या पत्रावर आमदार निवासात टेकायची युक्तीही जुनी आहे. मी ती सुचवत नाही; एका पत्रावर किती गावं येतात, ते पोचल्यावरच कळतं.

२५ डिसेंबर ते १ जानेवारी टाळता आलं तर टाळा. त्या आठवड्यात भाडं चढतं आणि ३१ तारखेला काही हॉटेलं रात्रीचं जेवण सक्तीनं गळ्यात मारतात. आपल्याला भाकर-भाजी लागते आणि ते डीजे लावून देतात. आणि ज्यांना मुंबई लांब वाटून नागपूरच करायचं असेल, त्यांनी डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या तारखा पाहून घ्याव्या. त्या दिवसांत साधी लॉजसुद्धा पुढाऱ्यांच्या माणसांनी भरलेली असते.

दोन-तीन नावं निवडली की फोन करायचा, आणि फोन मी गिऱ्हाइकासमोर स्पीकरवर करतो. लिफ्ट आहे का? आहे म्हणाले तर खोलीच्या मजल्यापर्यंत येते का? फोर्टातल्या जुन्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावरचं हॉटेल आणि खाली लाकडी जिना असा प्रकार असतो. खिडकी बाहेर उघडते की आतल्या डक्टमध्ये? संडास कमोडचा की देशी? गरम पाणी दिवसभर की सकाळी ठरावीक वेळेतच? रात्रीच्या प्रवासानं आलेल्या पाच जणांना ते एवढ्यात पुरेल का? जास्तीच्या गादीचे किती, आणि कितव्या वर्षापासून पोराचे पैसे लावता? समोरचा वैतागून उत्तरं देऊ लागला की मी पुढचं नाव घेतो. फोनवर वैतागणारा माणूस रात्री अकराला पंखा बंद पडल्यावर काय करणार?

फोटो हॉटेलनं काढलेले पाहू नयेत, राहून गेलेल्यांनी टाकलेले पाहावे, तेही गेल्या दोन-तीन महिन्यांतले. मी बाथरूमचा फोटो शोधतो. बादली-मग कसे आहेत त्यावरून बाकीचं कळतं.

पैशांचं जपून. नेटवर सापडलेला हॉटेलचा नंबर खरा असेलच असं नाही. "अर्जंट आहे, दोनच रूम राहिल्या, स्कॅनरवर पूर्ण रक्कम टाका" असं कोणी म्हणालं की फोन ठेवायचा. जमेल तिथं पोचल्यावर पैसे देण्याचाच पर्याय घ्यावा. फसलात तर लाजून घरी बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावा. जितका उशीर तितके पैसे लांब जातात. भाव विचारताना टॅक्स धरून सांगा म्हणावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. म्हणजे २,५०० ची खोली तीन रात्री घेतली तर ७,८७५. कोणी अजून जुना दर लावत असेल तर बिल हातात घेऊन विचारायचं.

आधार कार्ड प्रत्येक मोठ्या माणसाचं न्यावं. नवऱ्याच्या एकट्याच्या कार्डावर चालेल असं समजून आलेली माणसं मी पाहिली आहेत. पोरांचंही असू द्यावं, वयाचा वाद तिथंच मिटतो. बाहेरचं खाणं खोलीत चालतं का हेही विचारलेलं बरं. आपल्याकडच्या पिशवीत ठेचा, तिळाची चटणी आणि तीन दिवस टिकतील अशा दशम्या असणारच.

शेवटी पोचल्यावरचं एक काम. काउंटरवर हॉटेलची कार्डं ठेवलेली असतात, ती माणशी एक घ्यायची. पोरांच्या खिशात घालायची, आजीच्या बटव्यात ठेवायची, आणि मागे पेनानं जवळच्या स्टेशनचं नाव पूर्व की पश्चिम यासकट मराठीत मोठ्या अक्षरात लिहायचं. आजीच्या साध्या फोनमध्ये नकाशा उघडत नाही, पण कार्ड पुढं केलं की टॅक्सीवाला आणून सोडतो.