रेसिंग क्वाड स्वतः बांधायची तर खिशात किती हवेत?

क्वाड म्हणजे चार फुगीर चाकांची, मोटरसायकलसारखी हँडल धरून चालवायची गाडी. ती बांधायचं डोक्यात आलं की माणूस आधी इंजिन शोधायला निघतो. मीही तेच केलं. आता वही उघडली की दिसतं, एकूण १,२८,८०० रुपयांत इंजिनाचे जेमतेम १८,००० होते. हा हिशेब माझ्या एका गाडीचा, जळगाव-धुळ्याच्या दुकानांतला. तुमचे आकडे पुढे-मागे होतील, पण कुठला खर्च मोठा आणि कुठला किरकोळ, ते फारसं बदलणार नाही.

आधी चालवायची जागा पक्की करा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि घरी बांधलेल्या क्वाडला आरटीओ नंबर देणार नाही. म्हणजे स्वतःचं रान किंवा परवानगीचा ट्रॅक, आणि तिथपर्यंत छोटा हत्ती. भाड्याचे २,५०० मी वहीत शेवटी लिहिले होते, तुम्ही आधी लिहा.

१. खरेदी चाकांपासून

स्पोर्ट क्वाडला साधारण पुढे २१×७–१० आणि मागे २०×१०–९ मापाचे (इंचात टायरचा व्यास × रुंदी – रिम) टायर बसतात. नवे चार टायर आणि रिम मिळून ३०,००० गेले. वहीतला सगळ्यात मोठा आकडा हाच. चाकं आधी घ्यायचं कारण असं की रिमच्या भोकांवरून हब (रिम जिथे बोल्टने बसते तो भाग) ठरतो, हबवरून एक्सल (मागच्या दोन चाकांमधला दांडा) आणि एक्सलवरून चेसिसची, म्हणजे सांगाड्याची रुंदी. उलटं गेलात तर केलेलं काम कापावं लागतं.

२. इंजिन

मी पल्सर २२० चं जुनं इंजिन घेतलं, वायरिंग आणि कार्ब्युरेटरसकट. सुटे भाग गल्लीबोळात मिळतात, तेल बदलणारा पोरगासुद्धा ते ओळखतो. भंगारातून घेताना मूळ गाडीच्या आरसी बुकाची प्रत आणि बिल घ्या, इंजिन नंबर स्वतः ताडून पाहा. चोरीचं निघालं तर १८,००० बुडतातच, वर चौकीत बसावं लागतं.

स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, लगेच बदलू नका. पल्सरचं मागचं चाक १२०/८०–१७, म्हणजे व्यास साधारण ६२४ मिलिमीटर. क्वाडचं २० इंची चाक ५०८ मिलिमीटर. एकही दात न बदलता गाडीचा वेग जवळजवळ एक-पंचमांश कमी होतो आणि ओढ तेवढीच वाढते. नांगरलेल्या रानात तेच हवं असतं. रिव्हर्स मात्र नाही, उतरून ढकलायची.

३. एक्सल

इथे मी कंजूषपणा केला. ३५ मिलिमीटरचा साधा एमएस (मऊ पोलादाचा) बार आणला आणि लेथवाल्या टर्नरला म्हटलं, यातच खाच पाडून द्या. तो बार हातात फिरवत म्हणाला, "भाऊ, हाई गज शे, एक्सल नही." मी हट्टाने करून घेतला. तिसऱ्याच दिवशी बांधावरून उडी मारली आणि मागची दोन्ही चाकं वरून आत कलली, लंगड्या बैलासारखी. एक्सल बाहेर काढून काचेवर लोळवला, मधोमध बोट जाईल एवढी फट.

मग ईएन-२४ या मजबूत पोलादाचा बार, नवी खाच, नवे हब, ६२०७ नंबरची बेअरिंगं: १२,३०० रुपये. पहिला एक्सल आणि असलीच इतर पुन्हा केलेली कामं मिळून १२,००० वेगळे गेले. सरळ बोलायचं तर ती माझ्या हट्टाची फी.

या एक्सलला डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसतं, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे वळणावर मागचा भाग घसरवावाच लागतो. मोकळ्या मातीत ते आपसूक होतं, डांबरावर गाडी वळायचं सोडून सरळच जाते.

४. चेसिस

एक इंची, २ मिलिमीटर जाडीचा सीमलेस (बिनजोड) पाइप मीटरला साधारण १.१५ किलो भरतो. २२ मीटर लागला, तुकडे-वाया धरून ३० किलो घेतला: ४,८००. वाकवणं आणि वेल्डिंग ९,०००. धुळ्यात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर रस्ते एकत्र येतात, त्यामुळे ट्रकांची कामं करणारे वेल्डर पुष्कळ. पण ट्रकवाल्या हाताला जाड पत्र्याची सवय असते. पातळ पाइपावर आधी एक तुकडा जोडून दाखवायला सांगा, मगच चेसिस सोपवा.

५. शॉक आणि ब्रेक

परदेशी क्वाडचे शॉक बघून जीव हरखतो. पण किंमत डॉलरमध्ये, वर वाहतूक आणि सीमाशुल्क. पहिल्या गाडीला मोटरसायकलचे आफ्टरमार्केट शॉक पुरतात. तीन शॉक ९,५००, दहा रॉड एंड (दांड्याच्या टोकाचे फिरते सांधे) ४,५००. डिस्क ब्रेकचे ७,५००. इथे जुना माल नको. निदान मास्टर सिलिंडर (ब्रेकचं तेल दाबणारा) आणि होज (तेलाची नळी) तरी नवे घ्या.

स्टिअरिंग, सीट, फायबर, चेन, सायलेन्सर, बॅटरी या सटरफटरात १८,७०० गेले. त्यातलाच दोरीचा किल स्विच, एक टोक मनगटाला. माणूस पडला की इंजिन बंद. हेल्मेट आणि छातीचं गार्ड या हिशेबात नाही, पण त्याशिवाय गाडी सुरू करू नका.

६. पहिली फेरी

कपाशी निघून पऱ्हाट्या उपटल्यावरचं रान बघा. पावसाळ्यात आमची काळी माती टायरला अशी लगडते की चेन दिसेनाशी होते. निघण्याआधी प्रत्येक नट घट्ट करून नट आणि पाइपावर मिळून नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढा. दहा किलोमीटर झाले की गाडी धुवून रेघा बघा. रेघ तुटली असेल तिथला नट फिरलाय. माझ्या सात तुटल्या होत्या, त्यातल्या दोन पुढच्या चाकाच्या. नेलपॉलिशचा खर्च वहीत नाही, ती बहिणीची होती.