लढाऊ विमान निवडताना या चुका टाळा

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं. तेव्हापासून आमच्याकडे अमळनेर म्हणा, भुसावळ म्हणा, चार पोरं एकत्र बसली की विषय ठरलेला: आता त्याच्या जागी कोणतं विमान घ्यायचं? विषय चांगलाच आहे. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल-दुरुस्ती करणारा. आता गावाकडे एनडीए, एएफकॅट आणि अग्निवीर-वायू या सैन्यभरतीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांची गटचर्चा घेतो, त्यात हा विषय मुद्दाम देतो. पण त्याच त्या चुका ऐकून कान किटले. टीव्हीवरची जाणकार मंडळीही त्याच करतात, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

वेगाच्या आकड्यावर विमान निवडणं

मोबाइलवर दोन विमानांचे आकडे शेजारी शेजारी लावायचे आणि ज्याचा वेग जास्त त्याला पहिला नंबर द्यायचा, ही सगळ्यात लाडकी चूक. मिग-21चा कमाल वेग आवाजाच्या दुप्पट. राफेलचा 1.8 पट, अमेरिकेच्या एफ-35चा 1.6 पट. वेगावरच निवड करायची तर 1963 साली दाखल झालेलं मिग-21 बदलायचं कशाला?

कमाल वेग हा मोकळ्या विमानाचा असतो. पंखाखाली इंधनाच्या टाक्या आणि बॉम्ब लटकवले की तो राहत नाही, आणि गाठला तरी इंधन असं जळतं की तो थोडाच वेळ टिकवता येतो.

शिवाय माहितीपत्रकातले आकडे साधारणपणे 15 अंश तापमान आणि समुद्रसपाटी धरून काढलेले असतात. मे महिना जळगावात काढलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळायला हवी. पारा 45 वर गेला की हवा जवळजवळ दहा टक्क्यांनी विरळ होते. पंखाला उचल कमी, इंजिनाला जोर कमी, धावपट्टी जास्त लागते. मग एक तर इंधन कमी भरा, नाहीतर बॉम्ब कमी लावा. लेहची धावपट्टी 3,200 मीटरपेक्षा उंचावर आहे. तिथली हवा थंड दिवशीही सखल भागापेक्षा पाव हिस्स्याहून जास्त विरळ असते. म्हणूनच भारताच्या 126 लढाऊ विमानांच्या खरेदीसाठी स्पर्धेत आलेली सहा प्रकारची विमानं हवाई दलाने बेंगळुरू, जैसलमेर आणि लेह अशा तिन्ही ठिकाणी उडवून पाहिली होती.

मी मुलांना तीनच प्रश्न विचारायला लावतो. कुठून उडणार? काय घेऊन उडणार? किती लांब जाऊन परत येणार? ज्या आकड्यातून यातलं काही कळत नाही, तो मी वहीत उतरवून घेत नाही. एखादा तरी असतोच, "सर, पण राफेल भारी शे ना?" म्हणणारा. अरे, भारी आहेच. पण कशासाठी भारी, ते सांगता आलं पाहिजे. ते सांगायला दोन संध्याकाळी वाचत बसावं लागतं आणि नेमकी तेवढी सवड कुणाला नसते.

एकूण रक्कम भागिले विमानं

2016 मध्ये 36 राफेलचा करार सुमारे 7.87 अब्ज युरोला झाला. लगेच लोकांनी 36 ने भागाकार केला आणि आलेला आकडा दुसऱ्या कुठल्या तरी देशाच्या नुसत्या विमानाच्या किमतीशी ताडून पाहिला. हा भागाकारच चूक आहे. त्या रकमेत क्षेपणास्त्रं होती, भारताने मागितलेले बदल होते, सुटे भाग होते, आणि ताफ्यातली ठरावीक टक्के विमानं कायम उड्डाणाला तयार ठेवण्याची पाच वर्षांची हमीही होती. यावल-रावेरचा केळीवाला बोअरची मोटर घेताना नुसती किंमत विचारून थांबत नाही. पाणी किती फुटांवर आहे, केबल किती लागेल, जळाली तर रिवाइंडिंग जवळपास कुठे होईल, हे सगळं विचारून मगच पैसे काढतो. विमानाच्या बाबतीत हीच माणसं हे प्रश्न का विसरतात, मला कळत नाही.

लढाऊ विमान तीस-चाळीस वर्षं वापरायचं असतं. तेवढ्या काळात इंधन, सुटे भाग, ओव्हरहॉल, मधलं अपग्रेड आणि माणसांचं प्रशिक्षण यांचा खर्च खरेदीच्या किमतीला मागे टाकतो. 2012 मध्ये त्या 126 विमानांच्या स्पर्धेत राफेल सगळ्यात कमी बोलीचं ठरलं, तेसुद्धा आयुष्यभराचा खर्च धरून. पुढे वाटाघाटी अडकल्या आणि 2015 मध्ये ती निविदा गुंडाळली गेली, पण हिशेबाची ती पद्धत बरोबरच होती.

सुटा भाग नसला की काय होतं, ते मी हाताने केलेलं आहे. 1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटला. मिगचे भाग बनवणारे कारखाने वेगवेगळ्या देशांत वाटले गेले आणि पुरवठा विस्कळीत झाला. त्या काळात मी वाळवंटातल्या एका तळावर होतो. आमच्या हँगरच्या कोपऱ्यात एक विमान जॅकवर उभं असायचं. त्याला आम्ही ख्रिसमस ट्री म्हणायचो, कारण ज्याला जे लागेल ते त्याने त्याच्यावरून तोडून न्यायचं. सकाळच्या उड्डाणाआधी एखाद्या विमानाचा हायड्रॉलिक पंप गळायला लागला आणि स्टोअरमध्ये पंप नसला, की आमची टोळी त्या कोपऱ्यात. पॅनेल उघडायचं, पाइप सोडवायचे, उघड्या तोंडांवर लाल ब्लँक (टोपणं) चढवायचे, पंप काढून त्याला सुतळीने लेबल बांधायचं, इकडे आणून बसवायचा, गळती तपासायची, फॉर्म 700 वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, सही करायची. उन्हात तापलेल्या पॅनेलवर हात टेकला की चटका बसायचा. नवा पंप आला की हेच काम पुन्हा त्या जॅकवरच्या विमानावर. म्हणजे एका बिघाडाला दुप्पट मेहनत. शिवाय दर वेळी सील नवं लागतं, पाइपाच्या चुडीचे आटे झिजतात आणि चांगला भागसुद्धा काढ-घाल करून खराब होतो.

एकदा कॉलेजची मुलं तळ बघायला आली होती. रांगेतली विमानं मोजून ती खूश झाली. त्याच दिवशी आमच्या फळ्यावर "तयार" या रकान्यातला आकडा रांगेच्या निम्म्यावरही नव्हता. युद्धात उपयोगी पडतो तो फळ्यावरचा आकडा. म्हणून कोणत्याही विमानाबद्दल मी आधी एवढंच शोधतो: शंभरातली किती रोज सकाळी उडायला तयार असतात, आणि नादुरुस्त भाग दुरुस्तीला कोणत्या देशात पाठवावा लागतो.

इंजिन कुणाचं, हे न पाहणं

स्वीडनचं ग्रिपेन घेतलं की अमेरिकेचा संबंध संपला, असं बरेच जण बोलतात. ग्रिपेनच्या ई आवृत्तीत अमेरिकन एफ-414 इंजिन आहे, म्हणजे परवानगीची एक दोरी वॉशिंग्टनच्या हातात राहतेच. आपल्या तेजसचंही तसंच, इंजिन अमेरिकनच. 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि तेजसच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवरचं अमेरिकेतलं काम थांबलं. 2021 च्या फेब्रुवारीत तेजसच्या सुधारित आवृत्तीचा, म्हणजे 83 तेजस मार्क-वन-एचा, करार झाला, पण त्यांच्यासाठीचं पहिलं इंजिन आलं मार्च 2025 मध्ये. ऑक्टोबर 2025 मध्ये नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बनलेलं पहिलं मार्क-वन-ए उडालं. आमच्याकडची आयटीआय झालेली पोरं तिथे अप्रेंटिस म्हणून जातात, त्यामुळे आनंद मलाही खूप झाला. पण स्वदेशी शब्द ऐकला की पुढची चौकशी थांबवायची, हे बरं नाही.

जुनं कधी जाणार, हे नवं ठरवताना विसरणं

तेजसचा प्रकल्प 1983 मध्ये मंजूर झाला, पहिलं उड्डाण जानेवारी 2001 मध्ये, पहिली स्क्वाड्रन (लढाऊ विमानांची तुकडी) 2016 मध्ये. तोवर मिग-21 ला मुदतवाढीवर मुदतवाढ. शेवटी मिग गेलं तेव्हा मंजूर 42 स्क्वाड्रनपैकी 29 उरल्या. श्रीमंत देशही यातून सुटत नाहीत. कॅनडाने 2010 मध्ये एफ-35 जाहीर केलं, खर्चावरून गदारोळ झाल्यावर निर्णय मागे घेतला, मधली खिंड लढवायला ऑस्ट्रेलियाची वापरलेली एफ-18 विमानं आणली आणि 2023 मध्ये पुन्हा एफ-35 वरच सही केली. तेव्हा "थांबू, अजून चांगलं विमान येतंय" असं कुणी म्हणालं, की मी त्याला कालरेषा काढायला लावतो: वर जुनं विमान, खाली नवं, आणि मधलं भगदाड लाल पेनाने.

बाकीच्या चुका थोडक्यात.

विमान पाहिलं आणि प्रशिक्षण विसरलं. वेगवान प्रशिक्षण विमान हवं, ही शिफारस 1982 ची, हॉक या प्रशिक्षण विमानाचा करार 2004 चा. मधली कित्येक वर्षं नवखे वैमानिक थेट मिग-21 वर शिकत होते. त्या अपघातांचं सगळं खापर नुसत्या विमानावर फोडू नका.

प्रकार वाढवत जाणं. सुखोई, राफेल, मिराज, मिग-29, जॅग्वार, तेजस: प्रत्येकाचं स्टोअर वेगळं, अवजारं वेगळी, शिकवलेली माणसं वेगळी. सातवा प्रकार सुचवणाऱ्याने आधी कोणता काढणार ते सांगावं.

एअर शोमधल्या कसरती पाहून मत बनवणं. तिथे विमान हलकं असतं, मोजकंच इंधन भरलेलं असतं.

स्क्वाड्रन आणि विमानांची संख्या यांची गल्लत. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण 16 ते 18 विमानं असतात, म्हणजे 36 राफेलच्या स्क्वाड्रन दोनच. एक अंबाल्याला, एक पश्चिम बंगालमध्ये हाशिमाराला.