फॉर्म्युला ४ मध्ये डेटा इंजिनिअर व्हायचंय? माझा चार सीझनचा अनुभव

मी चार सीझन फॉर्म्युला ४ मध्ये, म्हणजे कार्टिंगनंतर फॉर्म्युला १ कडे जाणाऱ्या मुलांच्या पहिल्या पायरीवर, डेटा इंजिनिअर होते (गाडीवरच्या सेन्सरचा डेटा वाचून सेटअप आणि ड्रायव्हर सुधारणारी), पहिले दोन जुन्या गाडीवर आणि पुढचे दोन हेलोवाल्या (ड्रायव्हरच्या डोक्याभोवती संरक्षक कडं असलेल्या) नव्या गाडीवर. इंजिनिअरिंग करणारी बरीच मुलं विचारतात की यात शिरायचं कसं, आणि जवळपास सगळ्यांना वाटत असतं की आपण जाऊन गाडी फास्ट करणार. तर पहिले तेच सांगते, इथे गाडी फास्ट करायला फार वाव नसतो आणि तो मुद्दामच ठेवलेला नाही. इथे ड्रायव्हर फास्ट करायचा असतो, पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, आणि तुमचं निम्मं काम त्याच्याशी बोलण्याचं असतं.

हे असं का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. २०१० च्या आसपास कार्टिंग संपवून सिंगल सीटरमध्ये (एकाच सीटच्या, उघड्या चाकांच्या रेसिंग गाड्यांमध्ये) यायचं म्हटलं की नुसता गोंधळ होता. फॉर्म्युला रेनो, फॉर्म्युला बीएमडब्ल्यू, फॉर्म्युला अबार्थ, फॉर्म्युला फोर्ड, प्रत्येकाची गाडी वेगळी, खर्च वेगळा, आणि कुठली पायरी कुठल्या पायरीच्या वर आहे हेच आईवडलांना कळायचं नाही. एफआयएच्या (मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या) सिंगल सीटर कमिशनचा अध्यक्ष तेव्हा माजी एफ१ ड्रायव्हर गेरहार्ड बर्गर होता, त्याने हा पसारा आवरायला घेतला. २०१४ ला इटलीत फॉर्म्युला ४ सुरू झाली, टाटूस कंपनीची कार्बन मोनोकॉकची (एकसंध कार्बन फायबर सांगाड्याची) गाडी, १.४ लिटर अबार्थ टर्बो इंजिन, साधारण १६० हॉर्सपॉवर, पहिला चॅम्पियन लान्स स्ट्रोल. एका चॅम्पियनशिपमध्ये सगळ्यांना एकच चासी, एकच इंजिन, एकच टायर. दुसऱ्या देशात चासी दुसऱ्या कंपनीची असू शकते पण नियमांची चौकट तीच. मग वरच्या पायऱ्याही नीट लागल्या, २०१७ मध्ये जीपी२ चं फॉर्म्युला २ झालं, २०१९ मध्ये जीपी३ आणि युरोपियन फॉर्म्युला ३ मिळून आजचं एफआयए फॉर्म्युला ३.

अजून एक गोष्ट झाली. २०१५ ला मॅक्स व्हरस्टॅपन सतराव्या वर्षी एफ१ मध्ये उतरला आणि त्यानंतर २०१६ पासून सुपर लायसन्सला (एफ१ मध्ये रेस करायला लागणाऱ्या परवान्याला) अठरा वर्षं वय आणि तीन वर्षांत ४० पॉइंट अशी अट आली. फॉर्म्युला ४ चा चॅम्पियन झाला तर १२ पॉइंट मिळतात, फॉर्म्युला ३ चा झाला तर ३०, आणि फॉर्म्युला २ मध्ये पहिल्या तिघांत आला की पूर्ण ४०. हे आकडे तोंडपाठ ठेवा, कारण तुमच्या समोर बसलेल्या मुलाच्या घरचे लोक प्रत्येक रेसकडे याच हिशोबाने बघतात आणि ते टेन्शन डीब्रीफमध्ये (सेशननंतर ड्रायव्हरशी होणाऱ्या चर्चेत) तुमच्या टेबलावर येऊन बसतं.

आता रोजचं काम. इंजिन सील केलेलं असतं, त्याला हात लावायचा नाही. तुमच्या हातात राहतं काय तर टायर प्रेशर, कॅम्बर आणि टो (चाकांचे कोन), राइड हाइट (गाडीची जमिनीपासूनची उंची), अँटी-रोल बार आणि डॅम्परचे क्लिक (सस्पेन्शन किती कडक ते), विंगचा अँगल. कॉलेजमधून आलेल्याला वाटतं एवढंच? पण सगळ्यांच्या गाड्या सारख्या असल्यामुळे क्वालिफायिंगला दोन दशांश सेकंदांत आठ-दहा गाड्या असतात, त्यामुळे हे एवढंसंच सगळं काही असतं.

टायर प्रेशरचंच घ्या. थंड टायरमध्ये हवा भरायची, तो ट्रॅकवर तापला की प्रेशर वाढतं, आणि आपल्याला पाहिजे असतं ते गरम प्रेशर. गॅसचा नियम अकरावीतलाच आहे. २० डिग्रीला गेजवर १.२ बार भरलं तर आतलं खरं प्रेशर साधारण २.२ बार (बाहेरच्या हवेचं एक बार धरून), टायर ८० डिग्रीला गेला की ते होतं २.६५ च्या पुढे, म्हणजे गेजवर जवळपास १.६५. माझ्या तिसऱ्या की चौथ्या वीकेंडला मी अगदी व्यवस्थित हिशोब केला, शीट भरली, मेकॅनिकला दिली, त्याने तंतोतंत तसं भरलं, आणि गाडी बाहेर गेल्यावर दुसऱ्याच लॅपला रेडिओवर, गाडी डावीकडे वळतच नाहीये. आत आल्यावर गरम प्रेशर मोजलं तर उजव्या बाजूचे दोन्ही टायर ०.१ बार कमी. पंक्चर नाही, गेज बरोबर. मग लक्षात आलं की टायर ट्रॉलीवर असताना दोन सावलीत होते आणि दोनांवर सकाळपासून ऊन पडत होतं, ते भरतानाच पंधराएक डिग्री गरम होते, म्हणून १.२ दिसलं तरी आत हवा कमीच गेली. त्या मुलाचं सेशन माझ्यामुळे वाया गेलं आणि फॉर्म्युला ४ मध्ये प्रॅक्टिसची सेशनं मोजकीच मिळतात, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून माझ्या शीटवर प्रत्येक टायरच्या प्रेशरशेजारी भरतानाचं टायरचं तापमान लिहायचा कॉलम आहे. तुम्ही पहिल्या दिवसापासून ठेवा.

पण खरी मजा ड्रायव्हरबरोबर आहे. कार्टिंगमधून आलेली मुलं भयंकर फास्ट असतात, फक्त त्यांचे हातपाय कार्टचे असतात. बहुतेक कार्टला सस्पेन्शन नसतं, ब्रेक फक्त मागच्या चाकांना, त्यामुळे ब्रेक जोरात मारायचा, झटकन सोडायचा आणि वळायचं अशी सवय अंगात मुरलेली. सिंगल सीटरमध्ये ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकांवर येतं, त्यांना ग्रिप मिळते, आणि ब्रेक झटकन सोडला की नाक वर, ग्रिप गेली, गाडी सरळ. एक मुलगा मला सलग दोन दिवस सांगत होता की अंडरस्टीअर आहे (स्टीअरिंग फिरवूनही गाडी पुरेशी वळत नाही), पुढची विंग वाढव. मी त्याचा लॅप आणि टीममेटचा लॅप एकावर एक टाकला. ब्रेक दोघांचा एकाच जागी, पीक प्रेशर याचंच जास्त. पण टीममेटची ब्रेकची रेष उतारासारखी हळूहळू खाली येत होती आणि याची कड्यावरून पडल्यासारखी, आणि नेमक्या त्याच क्षणी याचा स्टीअरिंग अँगल वाढत होता. मी काहीच बोलले नाही, स्क्रीन त्याच्याकडे वळवली. तो मिनिटभर बघत बसला आणि म्हणाला, "म्हणजे मीच सोडतोय तिला." विंगला हात न लावता पुढच्या सेशनला त्या एका कॉर्नरमध्ये दीड दशांश निघाला.

म्हणून सांगते, डीब्रीफमध्ये पंधरा ग्राफ दाखवू नका. एक कॉर्नर, दोन रेषा, बास. आणि आधी त्याला बोलू द्या, गाडी कशी वाटली ते त्याच्या शब्दांत लिहून घ्या, मगच लॅपटॉप उघडा. आधी ग्राफ दाखवला की मुलं ग्राफमध्ये दिसतंय तेच सांगायला लागतात आणि अंगाला काय जाणवलं ते विसरतात.

गाडी बदलली तो सीझन मात्र मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. २०२२ च्या सुमारास दुसऱ्या पिढीची गाडी बऱ्याच चॅम्पियनशिपमध्ये आली, हेलो, जास्त मजबूत चासी, पॉवर १८० च्या आसपास, आणि वजनही वाढलेलं. सेफ्टीसाठी हे हवंच होतं, पंधरा वर्षांच्या मुलांच्या डोक्यावर हेलो नसणं हे मला आधीपासून खटकायचं. पण दोन वर्षं जमवलेल्या माझ्या सगळ्या सेटअप शीट एका दिवसात निरुपयोगी झाल्या. पहिल्या टेस्टला घाबरून आम्ही एका वेळी तीन-तीन गोष्टी बदलल्या, लॅप टाइम सुधारला आणि कशामुळे सुधारला ते कोणालाच सांगता येईना. दुसऱ्या टेस्टपासून एका रनला एकच बदल, आणि दिवसाच्या शेवटी परत सकाळच्या सेटअपवर एक रन, म्हणजे ट्रॅक किती बदलला ते कळतं. हळू वाटतं, पण सीझनच्या मध्यापर्यंत आमच्याकडे खरोखर विश्वास ठेवता येईल अशी नोटबुक तयार झाली.

शिरायचं कसं? फॉर्म्युला स्टुडंट (कॉलेजच्या टीम स्वतः रेसिंग गाडी बनवतात ती स्पर्धा) करत असाल तर उत्तम, पण तिथे नुसतं कॅडवर बसू नका, गाडी चालते त्या दिवशी हजर रहा. टीमला मदत करायला सुरुवातीला टायर धुवायला, ट्रॉली ढकलायला पण जा, मेकॅनिक लोकांना मान द्या, तुमच्या शीटवरचा आकडा गाडीवर उतरवणारे हात त्यांचेच असतात. पहिल्या वर्षी पैसे कमी आणि प्रवास फार, हे घरी आधीच नीट सांगून ठेवा. टीम माणसं बघतात सीझन संपल्या संपल्या, विंटर टेस्टिंगच्या आधी, तेव्हा मेल टाका. नुसता सीव्ही पाठवू नका. कार्टिंगचा किंवा सिम्युलेटरचा दोन लॅपचा डेटा घ्या, एका कॉर्नरमध्ये वेळ कुठे गेला आणि ड्रायव्हरला तुम्ही काय सांगाल हे एका पानावर लिहा, ग्राफ एकच लावा. मला इंटरव्ह्यूला बोलावलं तेव्हा टेबलावर सीव्ही नव्हताच, माझं ते पान होतं आणि त्यावर पेनाने एका रेषेभोवती गोल काढलेला.