सिग्नलला थरथरणारी जुनी एसयूव्ही आणि वेडावाकडा इंडिकेटर: आधी अर्थिंग बघा

पेट्रोलवरची जुनी एसयूव्ही. सिग्नलला उभी राहिली की थरथरते, एसी लावला की बंद पडायला बघते, आणि इंडिकेटर कधी झपाझप पळतो, कधी रेंगाळतो. दोन्ही दुखणी एकदम सुरू झाली असतील तर पार्ट घ्यायला लगेच पुण्याची नाना पेठ गाठू नका. 'सेन्सर गेलाय', 'फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा पार्ट) टाका' असं सांगणारे पावलोपावली भेटतात. इलेक्ट्रिकचा पार्ट मात्र दुकानदार परत घेत नाही.

एकाच बाजूचा इंडिकेटर दुप्पट वेगाने पळतोय? त्या बाजूचा बल्ब उडालाय, २१ वॅटचाच टाका. एलईडी टाकलात तर जुना फ्लॅशर तसाच पळत राहणार, त्याला बल्बचा लोड लागतो. पण दोन्ही बाजू रेंगाळत असतील, किंवा इंडिकेटरबरोबर मागचा पार्किंग लाइटही लुकलुकत असेल, तर गाठ अर्थिंगशी आहे.

बॅटरीच्या निगेटिव्हवरून बॉडीला आणि इंजिनला ज्या वायरी-पट्ट्या जातात, त्यांचं हे काम. पुण्याच्या पावसाळ्यात बोल्टखाली गंज धरतो आणि वरून सगळं ठणठणीत दिसतं. मिस्त्री पट्टी हलवून 'घट्ट आहे' म्हणतो. घट्ट असून भागत नाही. वायर जोडलेली आहे का सांगणाऱ्या मल्टिमीटरच्या बीपवरही विसंबू नका. पट्टीतल्या चार तारा शाबूत असल्या तरी बीप वाजतो. मलाही याच बीपने खूप छळलंय.

मोजायचं ते लोडवर. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. इंजिन, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर लावा, क्लॅम्पवर नाही, कारण पांढरी बुरशी बहुधा क्लॅम्पच्या आतच असते. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा, ०.५ आला तर चोर सापडला. मग हेच बॉडीवर. शेवटी लांब वायर जोडून मागच्या लाइटच्या होल्डरच्या अर्थवर: इंडिकेटर लावल्यावर प्रत्येक टिकटिकीला आकडा उडी मारत असेल, तर तिथलाच कॉन्टॅक्ट कच्चा. इंजिनचा अर्थ कच्चा असेल तर अल्टरनेटरचं चार्जिंग तर पडतंच, शिवाय काही सेन्सरचा अर्थही इंजिनमधूनच जात असल्याने ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, चुकीचे आकडे दिसतात. स्लो, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग, बिघडतो तो असा.

इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, बोल्ट खोला, पट्टीचं टोक आणि बॉडीची जागा दोन्ही चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासा. ग्रीस आवळून झाल्यावर, वरून. आतून हिरवी पडलेली वायर बदलाच.

आणि इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढत अल्टरनेटर 'तपासणारा' कोणी असेल, तर त्याला बॉनेट उघडूच देऊ नका. व्होल्टेज उसळला की ईसीयू जाऊ शकतो.

अर्थिंग पक्कं होऊनही स्लो डगमगत असेल तर व्हॅक्यूम पाइपांना चिरा आहेत का बघा, आणि थ्रॉटल बॉडीतला (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेभोवतीचा) कार्बन क्लीनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नका. गरम इंजिन साधारण ७५० ते ८५० आरपीएमवर स्थिर राहायला हवं. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून आरपीएम वाढवून द्यायला कोणी तयार असेल तर नको म्हणा. पाय काढल्यावरही गाडी पुढे रेटत राहते, आणि ते कात्रजचा घाट उतरताना कळतं.