मार लागल्यानंतर रेंगाळणारी कंबरदुखी: कंबर पुन्हा कामाला कशी लावावी

गाडीवरून पडणे, दुधाचा कॅन उचलताना लचक भरणे, तालमीत कमरेवर आदळणे. निमित्त काहीही असो, ताणलेले स्नायू आणि अस्थिबंध बहुधा ६ ते १२ आठवड्यांत भरून येतात. तरीही ३ महिन्यांच्या पुढे दुखत राहिले तर त्याला जुनाट कंबरदुखी म्हणतात. दुखतंय म्हणजे आत अजून काहीतरी तुटतंय, असे समजून माणूस अंथरूण धरतो आणि दुखणे तिथेच मुरते. स्नायूंची ताकद जाते, नसा हळव्या होतात आणि मग चपला घालायला वाकले तरी कळ येते.

आधी धोक्याची लक्षणे तपासा. बसायच्या जागी किंवा जांघेत बधिरपणा, लघवी अडकणे किंवा नकळत होणे, पाऊल उचलता न येणे, चालताना चप्पल पायातून निसटणे: यातले काही नव्याने सुरू झाले तर सकाळची वाट न बघता कोल्हापुरातले सीपीआर रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा. ताप, कारण नसताना उतरणारे वजन, रात्री झोपू न देणारी कळ, किंवा हाडे ठिसूळ असलेल्या माणसाचे पडणे, यातही व्यायामाआधी डॉक्टर. एमआरआयमध्ये ‘गादी सरकली’ असे लिहून आले म्हणून लगेच घाबरू नका. कधीच कंबर न दुखलेल्या कित्येकांच्या एमआरआयमध्येही तेच दिसते.

चालणे: घड्याळ लावून

तीन दिवस सपाट रस्त्यावर चाला आणि किती मिनिटांनी दुखणे वाढते ते लिहून ठेवा. समजा १०, १४ आणि १२ मिनिटे आली, तर सरासरी १२. त्याच्या पाचवा हिस्सा कमी, म्हणजे साधारण १० मिनिटांपासून सुरुवात करा, सकाळ-संध्याकाळ. दर आठवड्याला १ ते २ मिनिटे वाढवत अर्ध्या तासापर्यंत जा.

कंबर मोकळी वाटली तरी १०च मिनिटे, जड वाटली तरी १०च. बरे वाटतेय म्हणून एका दिवसात सगळा ऊस भरायचा आणि पुढचे तीन दिवस आडवे पडायचे, या चक्रातच बहुतेक जण अडकतात. रंकाळा तलावावर फिरायला जात असाल तर पूर्ण फेरी धरू नका. निम्म्यात कंबर भरून आली तर मागे फिरा किंवा पुढे जा, अंतर तेवढेच उरते. चौपाटीकडून पाच मिनिटे जा आणि त्याच वाटेने परत या.

सकाळचा पहिला तास

रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे उठल्याबरोबर खोल वाकले की त्यांच्यावर जास्त ताण येतो. म्हणून उठल्या उठल्या उकिडवे बसून धार काढू नका. अर्धा तास तरी गोठ्यात उभ्याने होणारी कामे करा, मग उंच पाटावर किंवा स्टुलावर बसून धार काढा.

तीन व्यायाम, रोज

पहिला काठीचा. काठी पाठीवर उभी धरा. डोके, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकली पाहिजे. गुडघे किंचित सैल सोडा आणि ढुंगण मागे ढकलत पुढे झुका. काठी सुटली की थांबा, कारण तिथून पुढे खुब्यात न वाकता तुम्ही कमरेत वाकताय. १० वेळा.

दुसरा: जमिनीवर ओणवे होऊन उजवा हात पुढे, डावा पाय मागे ताणा. ८ ते १० सेकंद धरा. प्रत्येक बाजूला आधी ६, मग ४, मग २ वेळा. कमरेवर रिकामा प्लास्टिकचा पेला ठेवा. तो पडला तर पाय फार वर गेलाय.

तिसरा: उताणे झोपून, गुडघे दुमडून, टाचा दाबत ढुंगण उचला, १० वेळा. मांडीच्या मागे गोळा आला तर टाचा जवळ घ्या.

व्यायामात थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरले तर चालेल. सकाळी जास्त दुखले तर एक पायरी मागे या.

वजन

४० लिटरचा भरलेला कॅन ४० किलोच्या पुढे जातो. तो महिनोन्‌महिने एकट्याने उचलायचा नाही. ५ किलोपासून सुरुवात करा, वजन पोटाशी धरा आणि वळताना कंबर न पिळता पावले फिरवा. पैलवानांनी आधी बैठका सुरू कराव्यात, जोर नंतर. जोर मारताना कमरेला कमान पडते.

कळ उसळली तर

ती उसळणारच. दोन दिवस चालणे आणि व्यायाम निम्मे करा, बंद करू नका. १५ ते २० मिनिटे शेक घ्या. मधुमेहामुळे त्वचा बधिर असेल तर शेकण्याआधी दुसऱ्याच्या हाताने ऊब तपासून घ्या. पाठीवर पोराला उभे करून तुडवून घेणे टाळा. पट्टा अवघड कामापुरता बांधावा, दिवसभर नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून महिनाभर खाल्ल्या की पोट आणि मूत्रपिंड दुखावते. रक्तदाब किंवा अल्सर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको. आठवड्याभरात पूर्वीच्या मिनिटांवर परत या. दोन आठवडे होऊनही जमत नसेल तर फिजिओथेरपिस्टला गाठा आणि मिनिटांची वही सोबत न्या.