चित्र काळं आलं की गेन चढवू नका

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्याच शेडना छपरात मधूनमधून पारदर्शक पत्रे असतात. विजेचं बिल वाचतं, पण कॅमेऱ्याने तपासणी होणाऱ्या लाईनचे हाल होतात. सकाळी नीट चाललेली लाईन दुपारी धडधाकट पार्ट रिजेक्ट करू लागते. मग कुणीतरी ऑटो गेन चालू करतं, म्हणजे सेन्सरचा सिग्नल किती पटीने मोठा करायचा ते कॅमेऱ्यावरच सोपवतं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

ऑटो गेन साधारणपणे चौकटीतला सरासरी उजेड बघतो. कन्व्हेयर काळा आणि रिकामा असला की तो गेन वाढवतो, आणि पुढचा चकचकीत पार्ट पांढराफटक येतो. सॉफ्टवेअरमधली मर्यादा मात्र एका ठरावीक ग्रे व्हॅल्यूला (० काळा, २५५ पांढरा), समजा १२०ला, बांधलेली असते. मोजपट्टीच दर फोटोला ताणली-आखडली तर निकाल कसा जुळणार? ऑटो बंद ठेवा, कॅमेऱ्याभोवती काळा आडोसा करा. लाल एलईडी वापरत असाल तर लेन्सवर त्याच रंगाचा बँडपास फिल्टर (फक्त तेवढाच रंग आत सोडणारी काच) लावा. बाहेरचा बराचसा उजेड तिथेच अडतो.

मुळात गेनमुळे उजेड वाढत नाही. सेन्सरवर जेवढा पडला तेवढ्याचाच आकडा मोठा होतो, सोबत नॉईजही, म्हणजे चित्रातले खोटे ठिपके. ६ डेसिबलला सिग्नल दुप्पट, १२ला चौपट, १८ला आठपट. एवढ्या गेनवर नॉईजचे ठिपके सॉफ्टवेअरला पिनहोल (पार्टवरची सुईएवढी भोकं) वाटू लागतात. लेन्सचं ॲपर्चर (उजेड आत येण्याचं भोक; आकडा लहान तेवढं भोक मोठं) ८वरून ५.६वर आणलं तरी चित्र तेवढंच उजळतं जेवढं ६ डेसिबलने, आणि स्वच्छ राहतं. फक्त फोकसची खोली कमी होते. एक्स्पोजर (सेन्सर उजेड गोळा करतो तो वेळ) वाढवायला हरकत नाही, पण कन्व्हेयरचा वेग बघून. सेकंदाला २०० मिलिमीटर वेग आणि ५ मिलिसेकंद एक्स्पोजर म्हणजे १ मिलिमीटर फरफट. तिथे स्ट्रोब लाईटवर (फोटोच्या क्षणीच जोरात चमकणारा दिवा) खर्च करावा, असं माझं मत. एवढं करूनही कमी पडलं तर गेन.

चित्र लुकलुकत असेल तर गेनला हातच लावू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. २ मिलिसेकंदांचा फोटो कधी उजळ क्षणी निघतो, कधी मंद. एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवा, नाहीतर डीसी पुरवठ्यावरची एलईडी घ्या.

चकाकणारा भाग २५५ला टेकला असेल तर गेन उतरवून बघा. ओरखडे परत दिसले तर दोष गेनचा होता. तो भाग सपाटच राहिला तर सेन्सरच भरलाय, एक्स्पोजर कमी करा किंवा ॲपर्चरचं भोक लहान करा. काळ्या बाजूसाठी लेन्सवर झाकण लावून हिस्टोग्राम (कुठल्या ग्रे व्हॅल्यूचे किती पिक्सेल आहेत त्याचा आलेख) बघा: तो शून्याला चिकटलेला असेल तर ब्लॅक लेव्हल (काळ्याला दिलेला आकडा) किंचित वर घ्या. आणि हिस्टोग्राममध्ये मधेमधे फटी दिसत असतील तर डिजिटल गेन (आकडे झाल्यावर केलेला गुणाकार) लागलाय, जमेल तिथे ॲनालॉग (आकडे होण्याआधी सिग्नलच वाढवणारा) वापरा.

वीज गेल्यावर सेटिंग उडालं अशी तक्रार असेल तर ते यूझर सेटमध्ये (सेटिंग साठवायची कॅमेऱ्यातली जागा) साठवलेलं नसतं, किंवा साठवून तोच सेट सुरुवातीचा म्हणून निवडलेला नसतो. दोन्ही करावं लागतं. कॅमेरा बदलताना मात्र जुना गेनचा आकडा तसाच टाकू नका. एका मॉडेलमध्ये तो डेसिबलमध्ये असतो, दुसऱ्यात नुसता अंक.